मदत हवी आहे: इंडिका डिझेलचा टायमिंग बेल्ट घरी बदलला, आता सेल्फ हलका फिरतोय पण गाडी चालू होत नाही

जांबोटीकर

नमस्कार मंडळी. गाडी टाटा इंडिका, १४०५ सीसी साधं डिझेल, टर्बो नाही. केए-२२ पासिंग, दुसऱ्याकडून घेतलेली. गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या वरच्या अंगाला. बाबांना डायलिसिसला बेळगावला न्यावं लागतं आणि आमच्याकडं पावसाळ्यात शेवटची बस चुकली की परतायचं साधन नाही. म्हणून जरा घाईनं विचारतोय.

जुन्या मालकानं बेल्ट कधी बदलला याची कसलीच नोंद नव्हती. वरचं कव्हर काढून बघितलं तर बेल्टच्या पाठीवर बारीक तडे आणि कडेचे दोरे सुटलेले. तो तुटेपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. चुलतभाऊ ट्रॅक्टरची कामं करतो, तो सोबत होता.

बॅटरी सोडली, गाडी घोड्यांवर घेतली, इंजिनाला खालून लाकडी ठोकळा देऊन वरचं माउंटिंग काढलं. क्रँक (पिस्टननं फिरणारा दांडा), कॅम (वॉल्व्ह उघडमीट करणारा दांडा) आणि डिझेल पंप, तिन्ही पुल्यांच्या खुणा पांढऱ्या रंगानं ठळक करून घेतल्या. बेल्ट नवा, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) नवा. सगळं बसवल्यावर क्रँक पान्यानं दोन फेरे हातानं फिरवला. कुठं अडलं नाही, खुणा परत जागच्या जागी आल्या. मगच सेल्फ मारला.

गाडी लगेच चालू झाली, आवाजही साफ होता. थोडी गरम झाल्यावर भावानं ॲक्सिलरेटर दिला आणि खडखड करून बंद पडली. आता सेल्फ मारला की इंजिन भिंगरीसारखं फिरतंय, अडल्यागत होतच नाही.

वॉल्व्ह वाकले असं धरून चालायचं का? हेड (इंजिनाचा वरचा, वॉल्व्ह असलेला भाग) उतरवण्याआधी घरी काही तपासता येतं का? पिस्टनही गेले असतील का? खानापुरातल्या एका गॅरेजवाल्यानं न बघताच फोनवर सांगितलं, "इंजिनच बदला, जुनं मिळतंय." तेवढे पैसे आत्ता नाहीत, आणि खरंच गरज आहे का तेही कळत नाही.

उद्यमबाग फिटर

पहिलं म्हणजे आता सेल्फ मारू नका. एकदाही नको. वाकलेला वॉल्व्ह पिस्टनला लागत असला तर प्रत्येक फेऱ्याला नुकसान वाढतंय.

इंजिन हलकं फिरतंय म्हणजे कॉम्प्रेशन (सिलिंडरात दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) गेलंय, एवढं नक्की. पण ते वॉल्व्ह वाकल्यामुळं की नुसतं टायमिंग सरकल्यामुळं, हे अजून सांगता येत नाही. कॅम भलत्या जागी असला तर वॉल्व्ह धड असूनही हवा निघून जाते. कव्हर काढा, क्रँक खुणेवर आणा. अलगद फिरवा, अडलं तर थांबा. मग पंप आणि कॅमची खूण कुठं आहे ते सांगा बघूया. टेन्शनरचा बोल्टही हातानं हलवून बघा.

चंदगडचा पाहुणा

भावा, बेल्ट डुप्लिकेट असणार. माझ्या मामाच्या गाडीत असाच प्रकार झाला होता, दाते सोलून निघाले.

जांबोटीकर

बेल्टचे दाते सगळे शाबूत आहेत, बोट फिरवून बघितलं. क्रँक आणि पंप खुणेवर बरोबर. कॅम तीन दाते मागं आहे.

टेन्शनरचा बोल्ट बोटानं हलतोय. काढला तर आट्यांत धातूची बारीक तार गुंडाळलेली निघाली. ज्या भोकात तो बसतो तिथले आटेच त्याच्याबरोबर सोलून आलेत. बसवताना बोल्ट नीट आवळला गेला होता, हाताला ढिला लागला नव्हता.

उद्यमबाग फिटर

मग कारण सापडलं. मागं कधीतरी कुणीतरी तो बोल्ट मरेस्तोवर आवळलाय, आटे तेव्हाच अर्धे मेले असणार. थंड इंजिनात धरून राहिला, गरम होऊन वेग वाढल्यावर सुटला. टेन्शनर ढिल्या बाजूला असतो. तिकडचा ताण गेला की बेल्ट पुलीवरून दाते उड्या मारतो. तिथं हेलिकॉइल (भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवून घ्यावी लागेल. ते न करता नवा बेल्ट चढवलात तर परत हेच होईल.

आता नीट ऐका. कॅम मागं राहिला म्हणजे एक्झॉस्ट वॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारे) उशिरा मिटतात. पिस्टन वर येतो तेव्हा ते अजून खाली असतात, मार त्यांना बसतो. कॅम पुढं गेला असता तर इनटेकला (हवा आत घेणाऱ्या वॉल्व्हना) बसला असता. डिझेलात पिस्टन हेडच्या अगदी जवळ जातो, तीन दाते खूप झाले. पण तुमची गाडी फार वेळ चालली नाही, त्यामुळं पिस्टन वाचले असायची आशा आहे.

तपासायचं असं. बेल्ट काढा. क्रँक खुणेपासून पाव फेरा मागं न्या, म्हणजे चारही पिस्टन सिलिंडरच्या मध्यावर येतात आणि कॅम फिरवताना वॉल्व्ह कशाला लागत नाहीत. मग कॅम त्याच्या खुणेवर आणा, क्रँक परत खुणेवर आणा, बेल्ट चढवा. पिस्टन वर असताना कॅम फिरवायला गेलात तर धड वॉल्व्हही वाकतील. बरेच जण इथंच घात करून घेतात. टेन्शनरला आटे नाहीत, तेव्हा एकानं तो हातानं दाबून धरायचा आणि दुसऱ्यानं पान्यानं सावकाश फिरवायचं.

पुढं हीटर प्लग काढा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणि प्लगच्या भोकात बसेल असा नोझल जोडा. ज्या सिलिंडरची तपासणी, तो कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला. एक, तीन, चार, दोन या क्रमानं अर्धा अर्धा फेरा. हवा सोडताना पाना क्रँकवर राहू देऊ नका, पिस्टन खाली ढकलला गेला तर पाना हातावर येतो. मग कान लावा. सायलेन्सरमधून हवा आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक, डिपस्टिकच्या (ऑइल मोजायच्या पट्टीच्या) नळीतून जोरात आली तर पिस्टन किंवा रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेडखालची गॅस्केट.

पेट्रोलचा कॉम्प्रेशन गेज कुणी आणून दिला तर लावू नका. डिझेलचा दाब दुपटीहून जास्त असतो, गेज फुटेल.

निपाणीकर

इंजिन बदलण्याबद्दल थोडं सांगतो, कारण माझ्या ओळखीच्या एकाची यात फार वणवण झाली. कोल्हापूरच्या जुन्या बाजारात इंजिन स्वस्त मिळतं हे खरं. पण दुसरं इंजिन बसवलं की आरसीवरचा इंजिन नंबर आरटीओत बदलून घ्यावा लागतो. त्याला इंजिन कुठून आलं याचे कागद लागतात, आणि एमएच गाडीचं इंजिन केए गाडीत म्हटल्यावर प्रश्न वाढतात. कागदाविना घेतलं तर उद्या अपघात झाल्यावर विमावाला पहिल्यांदा तोच नंबर बघणार. बाबांना घेऊन रोज घाटातल्या रस्त्यानं येणार असाल तर हा धोका पत्करू नका.

जांबोटीकर

निपाणीकर, हे कुणीच सांगितलं नव्हतं. आभारी आहे.

फिटर अण्णा, आज तुम्ही सांगितलं तसं केलं. पंक्चरवाल्यानं कॉम्प्रेसर दारात आणून दिला, पैसे घेतले नाहीत. एक आणि चार नंबरची हवा बऱ्यापैकी धरते, सायलेन्सरला हलकी फुसफुस येते. दोन आणि तीनला हवा सोडली की सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरवत नाही इतकी येते. एअर फिल्टरकडं काही नाही. डिपस्टिकशी कान लावून ऐकलं, सगळीकडं सारखाच बारीक आवाज. रेडिएटर शांत.

उद्यमबाग फिटर

मग इंजिन बदलायचा विषय सोडा. खालचं काम चांगलं आहे. हेड उतरवा. एक्झॉस्टचे चारही वॉल्व्ह नवे घाला, दोनच नको. एक आणि चारही फुसफुस करतायत म्हणजे त्यांनाही थोडा मार बसलाय. गाइड (वॉल्व्ह ज्यात सरकतो त्या नळ्या) तपासून घ्यायचे, वाकलेला वॉल्व्ह गाइडही खराब करतो. सीट कटिंग (वॉल्व्ह टेकतो ती जागा घासणं) आणि हेड फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं) इकडं बेळगावात उद्यमबागेत एका ठिकाणी होऊन जाईल. वॉल्व्ह घरी ठोकून काढू नका, हेड जसं निघेल तसं आणा.

हेड निघाल्यावर पिस्टनचे माथे पुसून बघा. वॉल्व्हच्या चंद्रकोरीसारख्या खुणा दिसतील. नुसती खूण असेल तर चालतं, चीर दिसली किंवा कडा तुटली असेल तर फोटो टाका. हेडचे बोल्ट बाहेरून आत, टप्प्याटप्प्यानं ढिले करायचे. एकदम सोडलात तर हेड वाकडं होतं. गॅस्केट जुन्या गॅस्केटच्याच जाडीची घ्या, जुनी फेकू नका, सोबत आणा.

पंपाच्या बुडाचे बोल्ट हलवू नका. रोटरी पंपाचं टायमिंग डायल गेजवर लावतात. तो हलला तर गाडी पांढरा धूर सोडत बसेल आणि त्याचं काम वेगळं निघेल.

चंदगडचा पाहुणा

बेल्ट नवाच आहे तर तोच वापरला तर चालेल काय? पैसे वाचतील.

उद्यमबाग फिटर

नको. ढिला होऊन दात्यांवरून उड्या मारलेला बेल्ट आहे. आतल्या दोऱ्यांचं काय झालंय ते वरून दिसत नाही. टेन्शनरचं बेअरिंग मात्र फिरवून बघा. आवाज नसेल आणि झोल नसेल तर ते ठेवता येईल. बोल्ट नवा घ्या.

जांबोटीकर

बेल्ट नवा घेतो. टेन्शनर फिरवून बघितला, झोल नाही. ज्या ब्रॅकेटमध्ये तो बोल्ट बसतो तो सुटा निघतोय, म्हणून हेलिकॉइलसाठी तोही हेडबरोबर बेळगावला घेऊन येतो. तोवर बाबांसाठी शेजारच्यांनी त्यांची गाडी द्यायची कबूल केलंय. उद्या पाऊस उघडला तर हेडचे बोल्ट सोडायला घेतो आणि पिस्टनचे फोटो इथंच टाकतो. पंपाला हात लावणार नाही.