मदत हवी: सबस्क्रिप्शन बंद करायचं बटण कुठे ठेवू?

परळकरीण:
आमच्या व्हिडिओ अॅपचं ‘माझं सबस्क्रिप्शन’ पान नव्याने करतेय, शुक्रवारी दाखवायचंय. काल गिरगावात मावशीच्या हातात फोन दिला, म्हटलं प्लॅन बंद करून दाखव. तिने तीनदा ‘प्लॅन बदला’ दाबलं, चष्मा कपाळावर सारून फोन नाकाशी नेला, शेवटी अॅपच काढून टाकलं. म्हणाली, झालं बंद! बटण वर घेऊ की खाली? प्लीज लवकर सांगा.

बारा_डबा:
पैसे कुठून जातात? प्ले स्टोअर, कार्ड, यूपीआय?

परळकरीण:
तिन्ही. त्याने काय फरक पडतो?

बारा_डबा:
सगळा त्यानेच पडतो, ताई. प्ले स्टोअरवरून घेतलेलं सबस्क्रिप्शन अॅप काढलं तरी चालूच राहतं. तुमचं बटण दाबलं की थेट तिथलं सबस्क्रिप्शनचं पान उघडू दे.

मालाडवाली:
माझ्या सासऱ्यांचेही असेच पैसे जायचे. यूपीआय अॅपमध्ये ऑटोपे उघडा, तिथून रद्द होतं.

परळकरीण:
मालाडवाली, मला बंद नाही करायचंय हो, पान बनवायचंय.

कुर्ला_कोडर:
बंद करण्याआधी अर्ध्या किमतीची ऑफर दाखवा. निम्मे लोक थांबतात, स्वतः पाहिलंय.

चाळ_नंबर_९:
अजिबात नको. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांत 13 डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या अॅपमधल्या युक्त्या, दिलेत, त्यात ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ नावानिशी आहे.

कुर्ला_कोडर:
एक ऑफर म्हणजे सापळा नव्हे. ‘नको’ तेवढंच ठळक ठेवा.

चाळ_नंबर_९:
ठेवतं कोण? सगळीकडे ते फिकट राखाडीच असतं.

परळकरीण:
आमचंही राखाडीच आहे. आज बदलते.

मालाडवाली:
तुमच्या अॅपवर जुनी नाटकं आहेत का? शिवाजी मंदिरला जाणं आता गुडघ्यांमुळे होत नाही.

बारा_डबा:
नाटकांचं नंतर. ऑटोपेचे पैसे कापायच्या किमान 24 तास आधी मेसेज येतो, तो पाहूनच लोक घाबरून अॅप उघडतात. मेसेजातली रक्कम आणि तारीख पानाच्या पहिल्या ओळीत हवी, लगेच खाली ‘बंद करा’. आणि वर्षाचे पैसे भरलेल्याने मध्येच बंद केलं तर उरलेले महिने बघता येतं?

परळकरीण:
येतं की.

बारा_डबा:
पानावर लिहिलंय?

परळकरीण:
नाही. मावशीनेही तेच विचारलं होतं.