घरखर्चासाठी ॲप कोणतं? एक अँड्रॉइड, एक आयफोन आणि निम्मा खर्च रोखीत

बारदेशकार
म्हापशात चौघांचं घर. दोन पगार, दोन वेगळ्या बँका, वर पतसंस्थेची पिग्मी. एक फोन अँड्रॉइड, दुसरा आयफोन. पेट्रोल, वीजबिल आणि बागायतदार भांडारातला महिन्याचा किराणा यूपीआयवरून जातो. नुस्तें (मासळी), पोदेर (पाववाला), शुक्रवारचा बाजार, बसभाडं मात्र रोख.
दोन गोष्टी हव्यात: हिशेब दोघांनाही एकाच जागी दिसावा आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) महिन्यात ओढाताण होऊ नये. एसएमएस वाचून आपोआप नोंद करणारी ॲप्स बरी की हाताने लिहायची? वर्षाला हजारभर रुपये मोजायची तयारी आहे.

हिशेबनीस
आयफोन आहे म्हटल्यावर अर्धा निकाल तिथेच लागला. ॲपल कुठल्याही ॲपला मेसेज वाचू देत नाही, त्यामुळे एसएमएसवर चालणारं ॲप फक्त अँड्रॉइडवर काम करील आणि दुसऱ्या पगाराचा हिशेब त्यात येणारच नाही.

अँड्रॉइडवरही ते सगळं पकडत नाही. ही ॲप्स पाठवणाऱ्याचं नाव (बँकेचं छोटं अक्षरी नाव असतं ते) आणि मजकुरातली रक्कम, 'डेबिट', खात्याचे शेवटचे आकडे असा ठरलेला साचा शोधतात. बँकेने मजकूर बदलला की साचा चुकतो आणि ॲपवाले सुधारणा करीपर्यंत नोंदी गळतात. काही बँका 100 रुपयांच्या आतल्या यूपीआय खर्चाचा एसएमएस पाठवतच नाहीत. सूचना आरसीएस (इंटरनेटवरून येणारे नवे मेसेज) किंवा व्हॉट्सॲपवर आली, तर ती एसएमएसच्या पेटीत नसते, म्हणून ॲपला दिसत नाही. यूपीआय लाइटचं (छोट्या खर्चासाठी आधी पैसे भरून ठेवायची सोय) तर विचारूच नका. त्यात एका वेळी 1,000 रुपयांपर्यंत देता येतात आणि एकूण 5,000 ठेवता येतात, पण बँकेच्या खात्यात फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची एकच नोंद पडते. चहा, पाव, पार्किंग सगळं त्या एका आकड्यात बुडतं.

उलट काही गोष्टी दोनदा मोजल्या जातात. क्रेडिट कार्डाने 3,000 चा किराणा घेतला तेव्हा एक नोंद, महिनाअखेरीस कार्डाचं बिल भरलं तेव्हा तेच 3,000 पुन्हा. स्वतःच्या एका खात्यातून दुसऱ्यात पैसे टाकले की तेही खर्चात. एटीएममधून 5,000 काढले की 5,000 खर्च, आणि मग बाजारातली खरेदी हाताने लिहिली की तीही खर्च. म्हणून कुठलंही ॲप घ्या, पण घेण्याआधी एक बघा: त्यात 'खर्च' आणि 'उत्पन्न' यांच्या जोडीला 'हस्तांतर' हा तिसरा प्रकार आहे का? नसेल तर काढून टाका.

मांडवीकाठ
आपोआपच हवं असेल तर एसएमएसपेक्षा अकाउंट ॲग्रिगेटरचा रस्ता सरळ. रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेली ही मधली संस्था तुमच्या संमतीने बँकेकडून व्यवहार घेऊन ॲपला देते, स्वतःला मात्र तो मजकूर वाचता येत नाही. फिनव्ह्यू, वनमनी, अनुमती ही त्यातली नावं. हे आयफोनवरही चालतं. पण संमती देताना घाईने बटण दाबू नका. कशासाठी, किती वेळा माहिती ओढणार, कुठल्या तारखेपासूनचे व्यवहार आणि संमती कधी संपणार, हे सगळं त्याच पडद्यावर लिहिलेलं असतं. संमती मागे घेतली की पुढची माहिती थांबते, आधी गेलेली आपोआप पुसली जात नाही. ती ॲपवाल्यांकडे वेगळी मागावी लागते.

तुमची पतसंस्था यात सापडेल अशी आशा धरू नका. पिग्मी हाताने लिहायची.

आणि फुकटचं ॲप कशावर जगतं ते बघाच. हिशेबाची बरीच भारतीय ॲप्स मुळात कर्ज विकतात, तुमचा पगार आणि हप्ते त्यांना त्यासाठीच हवे असतात. कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधले संपर्क, कॉलची यादी, फोटो यांना हात लावायचा नाही, हे रिझर्व्ह बँकेने 2022 मध्येच सांगितलंय. हिशेबाच्या ॲपने संपर्क मागितले तर 'नाही' म्हणा. नकार दिल्यावर चालायचंच बंद झालं, तर समजून घ्या.

पाकीटवाली
दोघांचं एकच खातं हवं तर गुडबजेट बघा. पाकिटांची पद्धत आहे: नुस्तें-भाजीचं पाकीट, पेट्रोलचं पाकीट. पगार आला की पैसे वाटायचे, खर्च केला की त्या पाकिटातून वजा. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर तेच दिसतं. आपल्याकडच्या बँका त्याला जोडत नाहीत, सगळं हाताने. फुकटात पाकिटं मोजकीच मिळतात, पण तेच बरं, वीस-पंचवीस रकाने केले की तिसऱ्या आठवड्यात कोणी लिहीत नाही. वायनॅब चांगलं आहे, पण वर्षाला 100 डॉलरच्या वर जातं आणि इथल्या बँकेशी जुळत नाही, त्यामुळे तुमच्या हजारात ते बसायचं नाही.
रिअलबाइटचं मनी मॅनेजरही लोक वापरतात. एका फोनसाठी उत्तम: हस्तांतर आहे, महिना पगाराच्या तारखेपासून सुरू करता येतो, एक्सेलमध्ये काढता येतं. पण दोन फोनची एकच वही त्यात सहज होत नाही, आणि तुमची गरज नेमकी तीच.

बारदेशकार
म्हणजे हातानेच. पण रोजचे दहा-दहा रुपयांचे पाव, वीसची कोथिंबीर कोण लिहीत बसणार? आणि चवथीचं कसं बसवायचं?

हिशेबनीस
दहाचे पाव लिहूच नका. 'खिसा' नावाचं रोख खातं उघडा. एटीएममधून 5,000 काढले की बँकेतून खिशात हस्तांतर, खर्च नव्हे. 200 च्या वरची रोख खरेदी तेवढी लिहा. रविवारी खिशातले पैसे मोजा. ॲप 1,840 म्हणतंय आणि हातात 1,310 आहेत, तर फरकाचे 530 'पोदेर-बाजार' या एका रकान्यात टाकून मोकळे व्हा. हे रोख पैसे दोघांकडे असतात, म्हणून खिसे दोन करा, नाहीतर फरक कोणाचा यावरून रविवार जाईल.

चवथ हा अचानक येणारा खर्च नाही, तो फक्त बारा महिन्यांतून एकदा येतो. गेल्या वर्षीचं माटोळी (गणपतीवर टांगायची फळं-पानं), फटाके, कपडे, फराळ सगळं मिळून 24,000 झालं असेल तर दरमहा 2,000 बाजूला. मधेच सुरू करताय आणि सहा महिने उरलेत, तर पहिल्या वर्षी 4,000. पुरुमेंताचंही (पावसाळ्यासाठीच्या साठवणीचंही) तेच: मे महिन्यात सुकी नुस्तीं, सोलां (आमसुलं), मिरची, तांदूळ यांना 9,000 लागत असतील तर महिन्याला 750. वाहनाचा विमा त्याच रांगेत बसवा.

नुसतं ॲपमध्ये पाकीट करून पैसे पगाराच्या खात्यातच ठेवले की ते खर्च होतात. खरोखर हलवा. पगाराच्या दुसऱ्या दिवशी आवर्ती ठेवीत जातील अशी बँकेला सूचना द्या. नाहीतर तुमची पिग्मी आहेच: दिवसाला 80 रुपये म्हणजे तीस दिवसांचे 2,400. फक्त तिची मुदत चवथीच्या आधी संपते ना ते बघा, कारण मुदतीआधी मोडली तर व्याज कापतात. पिग्मीचे पैसेही हस्तांतरातच दाखवा.

सत्तरीकार
ॲपच नको असेल तर गुगल फॉर्म. प्रश्न पाच: तारीख, रक्कम (उत्तर आकडाच हवा अशी अट घाला), कशावर, कुठून (बँक 1, बँक 2, कार्ड, खिसा), कोणी. 'कशावर' आणि 'कुठून' यादीतून निवडायचे ठेवा, नाहीतर एकजण 'नुस्तें' लिहील, दुसरा 'मासळी', आणि बेरीज दोन ठिकाणी फुटेल. उत्तरं शीटला जोडा, तिथे पिव्हट टेबल (आपोआप बेरजा करणारा तक्ता): ओळींत 'कशावर', स्तंभांत महिना. फॉर्मची लिंक अँड्रॉइडवर क्रोममधून आणि आयफोनवर सफारीतून होम स्क्रीनवर टाका.
तारखेचा प्रश्न मुद्दाम सांगितला. फॉर्म स्वतःची वेळ नोंदवतो, पण 31 ची खरेदी 1 ला भरली की ती पुढच्या महिन्यात जाते.

पाकीटवाली
पहिल्या महिन्यात मर्यादा घालू नका हो. फक्त लिहा. नुस्त्यांचा आकडा अंदाजाने 3,000 धरला जातो आणि पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की भाव चढून तो कुठच्या कुठे जातो. जून-जुलैला वेगळी रक्कम ठेवा.

बारदेशकार
गुडबजेट दोन्ही फोनवर घालतो. दोन खिसे, आठ पाकिटं. चवथीला पाच महिने आहेत, म्हणजे 4,800.