मदत हवी आहे : म्हाताऱ्या चिंगीच्या दाढा काढाव्यात का?

कंदीपेढा :
नमस्कार. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आमची चिंगी, स्पिट्झ, वय ११, वजन साडेनऊ किलो. (लोक पॉमेरियनच म्हणतात, आम्ही दुरुस्त करायचं सोडलंय.) ती साताऱ्यात आई-बाबांकडे असते, मी पुण्यात. तोंडाला वास दोनेक वर्षांपासून येतोय. कुत्र्याच्या तोंडाला काय अत्तराचा वास येणार, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

मार्चमध्ये उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी सूज आली. काहीतरी चावलं असेल म्हणून आईने हळद लावली. दवाखान्यात डोळ्याचे थेंब दिले, ते पंधरा दिवस घातले. मग सूज फुटली, पू आला, जखम भरली आणि महिन्याभरात तिथेच पुन्हा वर आली. तेव्हापासून अँटिबायोटिकचे तीन कोर्स झालेत. गोळ्या चालू असतात तोवर बाईसाहेब पोळीसाठी उड्या मारतात. संपल्या की दहा-बारा दिवसांत पुन्हा लाळ, लाळेत रक्ताची तार, आणि वाडग्यासमोर नुसतं बसून राहणं. घास उचलते, एका बाजूने चावते, मान झटकून टाकून देते.

गेल्या आठवड्यात पुण्यात आणून दाखवलं. डॉक्टरांनी ओठ वर केला तर दाढेवर तपकिरी दगडच. म्हणाले, वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी गळू झालंय, ती मुळं थेट डोळ्याखाली पोचतात म्हणून सूज तिथे दिसते. भूल देऊन एक्स-रे, स्केलिंग (दातांवरचा दगड खरवडणं), ती दाढ आणि बहुधा आणखी पाच-सहा दात काढायचे. अठरा हजारांच्या आसपास खर्च सांगितलाय. तो करू. पण छातीत मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांत जादा आवाजही ऐकू आला, आणि आईने तेवढंच धरून ठेवलंय. ‘जेवत नाही तर मी भरवीन गं, पण उठलीच नाही तर?’ यावर मला काही बोलता येत नाही.

इतक्या वयाच्या कुत्र्याचे दात कुणी भूल देऊन काढून घेतलेत का? आणि तोवर घरी काय करू?

गवतीचहा :
आमच्या मोत्याच्या हिरड्यांना तुरटीचं पाणी आणि लवंगेचं तेल लावायचो. बरं वाटायचं त्याला. भुलीच्या भानगडीत या वयात पडू नका.

डॉ_हंबर :
मी पशुवैद्य आहे, पण चिंगीला पाहिलेलं नाही, त्या बेताने वाचा.

गवतीचहा, राग मानू नका, पण हिरड्या सोललेल्या असताना तुरटी आणि लवंगतेल झोंबतं. मोत्या गप्प बसायचा म्हणजे बरं वाटायचं असं नाही. कुत्री दुखणं लपवण्यात पटाईत असतात.

कंदीपेढा, त्या दाढेला तीन मुळं असतात. गोळ्यांनी पू ओसरतो, पण मेलेलं मूळ जबड्यातच राहतं, म्हणून दुखणं पुन्हा उलटतं. चौथ्या कोर्सनेही वेगळं काही होणार नाही. मर्मरबद्दल : म्हाताऱ्या, लहान चणीच्या कुत्र्यांत हृदयाची झडप गळणं फार आढळतं. मर्मर आहे म्हणजे भूल देता येत नाही, असं नाही. आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करा, मग कोणती भूल, सलाईन किती, हे त्यावरून ठरतं. रक्त तपासताना मूत्रपिंड आणि यकृत बघाच. मूत्रपिंड बिघडलं तरी तोंडाला वास येतो, व्रण पडतात. आणि प्लेटलेट मोजल्याशिवाय दाताला हात लावू देऊ नका. आपल्याकडे गोचीडताप अंगात लपून असतो, प्लेटलेट खाली असतील तर दात काढल्यावर रक्त थांबत नाही.

तोवर मऊ, कोमट खाणं द्या. बिनमिठाचा गुरगुट्या भात, उकडलेलं चिकन कुस्करून, कांदा-लसूण अजिबात नको. हाडं आणि कडक चघळण्या बंद. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, कुत्र्यांना ती घातक ठरते. वेदनाशामक डॉक्टरांकडूनच मागून घ्या, आणि मागाच. आपली टूथपेस्टही नको, तिच्यात फ्लोराइड असतं, काहींत झायलिटॉल, ते तर विषच.

एक सगळ्यांसाठी. लस न झालेल्या किंवा अनोळखी कुत्र्याची अचानक लाळ गळू लागली, जबडा लोंबला, तर ‘घशात हाड अडकलंय’ म्हणून तोंडात हात घालू नका. रेबीज असू शकतो.

शेंगदाणा :
आमच्याकडे एक पग होता, १२व्या वर्षी १४ दात काढले. घरी आणलं त्या रात्री रडत होता, दुखण्यापेक्षा भुलीच्या अंमलाने. तिसऱ्या दिवशी भात चाटूनपुसून खाल्ला. आठवड्याने शेजारच्या मांजरीमागे धावला, जे त्याने दोन वर्षांत केलं नव्हतं. आम्ही समजत होतो वय झालं. वय नव्हतंच, दात होते. त्याच्या पुढच्या तीन वर्षांत एवढं एकच वाईट वाटत राहिलं, आपण दोन वर्षं उशीर केला.

हो, जीभ मात्र कायम बाहेर लोंबायची. फोटोत फार वेंधळा दिसायचा.

रानवारा :
आमच्या इथे आंघोळ-नखं करणारा एकजण भूल न देता स्केलिंग करून देतो, दीड हजारात. तसं नाही का चालणार?

डॉ_हंबर :
नाही. वरून दात पांढरे दिसतील, पण रोग हिरडीच्या आत असतो आणि जागं कुत्रं तिथे अवजार घालू देत नाही. भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी असते, त्यामुळे घाण पाणी फुप्फुसात जात नाही. चिंगीचं तर मूळच सडलंय, घासून काय होणार?

कंदीपेढा :
तीन आठवड्यांनी अपडेट देते आहे.

इको केला. झडप थोडी गळते, पण हृदय वाढलेलं नाही. रक्तात प्लेटलेट खरंच कमी निघाल्या, गोचीडतापाची तपासणी पॉझिटिव्ह. त्याची औषधं आधी दिली, प्लेटलेट वर आल्यावर गेल्या बुधवारी दात काढले. नऊ निघाले. आई दवाखान्याबाहेर चार तास रामरक्षा म्हणत बसली होती. डॉक्टरांनी ती दाढ डबीत घालून दिली, मुळाशी काळीठिक्कर. आईने डबी हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि म्हणाली, ‘हे घेऊन ती माझ्या हातची पोळी खात होती?’

टाके विरघळणारे आहेत. ब्रश दोन आठवड्यांनी सुरू करायचा, रोज, कारण दातांवरचा थर दोन-तीन दिवसांत कडक होतो म्हणे. सध्या आई बोटाला चिकनच्या चवीची पेस्ट लावून पुढचे राहिलेले दात नुसते चोळते, हिरड्यांच्या जखमांपासून लांब. चिंगी बोट सोडत नाही.

शेंगदाणा, आमचीही जीभ उजवीकडून बाहेर येते आता.

शेंगदाणा :
फोटो टाका!