दीर 'पचकला' म्हणावं का?

कृष्णाकाठ: हिंदी कथेचा अनुवाद करतोय. भावजयीला दिवस गेलेत, हे फक्त धाकट्या दिराला माहीत. जेवताना सगळ्यांदेखत तो विचारतो, "वहिनी, चिंच आणू का अजून?" सासूचा घास हातातच राहतो. मी लिहिलं, 'दीर पचकला'. पुण्याच्या संपादकबाई म्हणतात, पचकणे म्हणजे अभद्र बोलणे. आमच्या सांगलीत पोटातलं ओठांवर आलं तरी "पचकलास का!" असंच म्हणतात.

वाईकर: नको तेव्हा नको ते बोलणं म्हणजे पचकणं, मग ते अशुभ असो की गुपित. पण छापताना 'वाच्यता केली' बरं.

हळदबाजार: दीर कोर्टात उभा आहे का? त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणा की सरळ! आणि गुपित पचलं नाही म्हणून पचकला, एवढं सोपं आहे.

वाईकर: काहीतरीच. पचकन थुंकतो, त्यातला आवाज आहे तो. आणि तीळ न भिजणं हा स्वभाव झाला, इथं एकदाच घडलंय.

माणदेशी: नवा शब्द हवाच कशाला? 'सांगून टाकलं' म्हणजे ठरवून, एकदाचं. 'सांगून गेला' म्हणजे बोलण्याच्या ओघात. 'सांगून बसला' म्हणजे आता निस्तरा! दिराला तिसरं शोभतं. 'बिंग फोडलं' मात्र नको, फोडणाऱ्याला आपण काय करतोय ते कळत असतं.

कृष्णाकाठ: पण त्यानं सांगितलं कुठं? चिंच तेवढी विचारली.

वाईकर: मग 'षट्कर्णी झालं'. दोघांतली गोष्ट तिसऱ्याच्या कानी गेली की सहा कान.

हळदबाजार: पंगतीला सात जण असले तर चतुर्दशकर्णी? राहू द्या. आमच्या आज्ज्याच्या काळात गुपित फोडणाऱ्या खबऱ्याच्या तळव्याला पत्रे ठोकायचे, म्हणून तर पत्री सरकार.

वाईकर: पत्री नव्हे, प्रतिसरकार! १९४३ मध्ये उभं राहिलं ते समांतर सरकार म्हणून. पत्र्यांवरून नाव पडलं, ही मागाहून जोडलेली व्युत्पत्ती.

हळदबाजार: गावोगाव म्हातारी माणसं पत्रीच म्हणायची. ती काय अशुद्ध बोलत होती?

माणदेशी: आणि सगळे 'साताऱ्याचं' प्रतिसरकार म्हणता, पण त्याचं मुख्य केंद्र असलेलं कुंडल गाव तेव्हा औंध संस्थानात होतं, हेही घ्या ध्यानात.

वाईकर: संस्थानाचा इथं काय संबंध?

माणदेशी: संबंध कसा नाही? ब्रिटिश पोलिसांना संस्थानी हद्दीत परस्पर शिरणं अवघड जायचं. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहितो.