मदत हवी आहे: सेफ दिवस होते, तरी पाळी लांबली. शक्यता किती?

रेघोटी
पाळी चार दिवस लांबली आहे. संबंध आला ते सेफ दिवस होते. टेस्ट निगेटिव्ह. मग पाळी का येत नाहीये? दिवस गेले असण्याची शक्यता किती टक्के, एवढंच सांगा. 'टेन्शन घेऊ नका' आणि 'डॉक्टरांना भेटा' सोडून काहीही चालेल.

मुक्तछंद
सेफ म्हणजे पाळीचा कितवा दिवस? टेस्ट कधी केली? चक्र किती दिवसांचं?

रेघोटी
नववा की दहावा. रक्तस्राव थांबला होता, म्हणून सेफ. टेस्ट मागच्या आठवड्यात. चक्र साधारण २८.

उंटावरचा
साधारण म्हणजे?

रेघोटी
कधी २५, कधी ३४. सरासरी २८च्या जवळपास येते. टक्के सांगा ना कुणीतरी.

कापूस_कात्री
सरासरीला इथे अर्थ नाही. (बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होते, तिथेही हेच ऐकायचे.) स्त्रीबीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी. चक्र २५ दिवसांचं निघालं तर अकराव्या दिवसाच्या आसपास. बीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, पण शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. म्हणजे तुझा नववा दिवस ऐन धोक्यातला. चक्र ३४चं निघालं तर बीज विसाव्या दिवशी, मग नववा तसा निर्धास्त. यंदाचं चक्र कोणतं, हे पाळी आल्यावरच कळतं. म्हणून टक्के सांगता येत नाहीत गं, टाळाटाळ नाही करत.

पहाटवेळ
रोज उठल्याउठल्या तापमान घ्या! मी वर्षानुवर्षं करतेय. बीज सुटलं की तापमान थोडं चढतं. सेफ दिवसांची भानगडच उरत नाही.

उंटावरचा
चढतं ते बीज सुटल्यावर. पाच दिवस आधी आत शिरलेल्या शुक्राणूंना तुमचा थर्मामीटर कसा अडवणार?

पहाटवेळ
तुम्ही कधी करून पाहिलंय का? त्यासोबत स्रावही बघायचा असतो. तो पातळ, निसरडा, तार धरणारा झाला की बीज सुटायला आलंय.

उंटावरचा
जागरण झालं, ताप आला, की बिघडला तक्ता. आणि हिची पाळी कधी २५ला, कधी ३४ला. हिला हे शिकवायची वेळ आज नाही.

गोधडी
फॉलिक ॲसिड आजच सुरू कर. रोज ४०० मायक्रोग्रॅम. गर्भाचा मेंदू आणि मणका पहिल्या काही आठवड्यांतच घडतो, बऱ्याच जणींना तोवर कळलेलंही नसतं.

रेघोटी
मला मूल नकोय आत्ता. ते कुणी विचारलं?? आणि इमर्जन्सी गोळी घेतली होती, तिच्यामुळेही पाळी लांबते ना?

मुक्तछंद
गोळीचं आत्ता सांगताय! कोणती, किती तासांनी? त्यानंतर पुन्हा संबंध आला का?

रेघोटी
लेव्होनॉर्जेस्ट्रेल, एकच गोळी. तिसऱ्या दिवशी, पण ७२ तासांच्या आत. नंतर दोनदा, पण त्याने वेळेत बाहेर काढलं. दहा-बारा दिवस झाले त्याला.

कापूस_कात्री
आता चित्र पूर्ण झालं. ही गोळी बीज सुटणं पुढे ढकलते. बीज सुटायच्या अगदी बेतात असेल तर फारसा उपयोग होत नाही, आणि जितका उशीर तितका परिणाम कमी. बीज पुढे ढकललं गेलं की पाळीही लांबते, आठवडाभर इकडेतिकडे होते. पण मुख्य म्हणजे ही गोळी पुढच्या संबंधांना संरक्षण देत नाही. उलट ढकललेलं बीज नेमकं नंतर सुटू शकतं. 'बाहेर काढलं' यावर वर्षभर विसंबणाऱ्या १००पैकी साधारण २० जणींना दिवस जातात.
टेस्ट आज पुन्हा कर, सकाळच्या पहिल्या लघवीवर. मागची लवकर झाली. फिकट रेघही पॉझिटिव्हच धर, फक्त पाकिटावर दिलेल्या वेळेतच बघ. निगेटिव्ह आली तरी शेवटच्या संबंधाला २१ दिवस झाले की परत कर. तोवर कंडोम. पोटात एका बाजूला जोरात दुखलं, खांदा दुखला, चक्कर आली, तर टेस्ट काहीही सांगो, तडक दवाखाना. गर्भ नळीत रुजला असू शकतो.

झुळूक३
अवांतर: मला पीसीओएस (अंडाशयाचा, हार्मोन्सचा त्रास) आहे, पाळी तीन-तीन महिने येत नाही. म्हणजे मला दिवस जाऊच शकत नाहीत ना?

उंटावरचा
जाऊ शकतात. बीज कधी सुटेल याचा नेम नाही, एवढाच त्याचा अर्थ. वेगळा धागा काढा.

मुक्तछंद
पुढच्या वेळेसाठी: पाच दिवसांच्या आत तांबी (गर्भाशयात बसवायची कॉपर-टी) बसवून घेता येते. इमर्जन्सीतला सगळ्यात खात्रीचा उपाय तोच, आणि पुढे वर्षानुवर्षं चालते.

रेघोटी
ठीक, टेस्ट करते. एक राहिलं, फिटच्या गोळ्या चालू आहेत लहानपणापासून. त्याचा काही संबंध नसेल ना?

कापूस_कात्री
अगं, आहे! नाव बघ आधी. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन यांच्यामुळे इमर्जन्सी गोळी शरीरातून लवकर निघून जाते, परिणाम कमी होतो. व्हॅल्प्रोएटचं तसं नाही, पण दिवस गेले असतील तर ते गर्भाला घातक. मनाने बंद मात्र करू नकोस, फिट येणं तितकंच वाईट. गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना आजच फोन कर. नको म्हणालीस, तरी हे सांगणारच.

रेघोटी
कार्बामाझेपिन लिहिलंय. फोन लावतेय.

गोधडी
फिटच्या गोळ्या चालू असतील तर फॉलिक ॲसिडचा डोस बहुतेक वेळा जास्तच देतात. फोनवर तेही विचार. मी मघाशीच म्हणत होते.