ईबीटी कार्डावर फार्मर्स मार्केटची भाजी कुणी घेतं का? (न्यू जर्सी)

बटाटेभात (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. नवा आयडी काढून लिहितेय, कारण पुढे वाचलंत की कळेलच.

नवऱ्याची नोकरी फेब्रुवारीत गेली. शिल्लक एप्रिलपर्यंत पुरली, मग स्नॅपचा, म्हणजे अन्नासाठीच्या सरकारी मदतीचा, अर्ज केला. ते पैसे ईबीटी कार्डावर येतात. ग्रीनकार्डला सात वर्षं झाली आहेत, त्यामुळे ग्रीनकार्डाला पाच वर्षं झालेली असावीत ही अट आड आली नाही. घरात आम्ही दोघं, ३ वर्षांची लेक आणि ६६ वर्षांच्या सासूबाई. सुपरमार्केटात कार्ड वापरायची भीड आता चेपलीये.

पण सासूबाईंना तिथली प्लॅस्टिकात गुदमरलेली भाजी घशाखाली उतरत नाही. म्हणून गेल्या शनिवारी गावातल्या फार्मर्स मार्केटला गेलो. सहा कणसं आणि टोमॅटो निवडले, कार्ड पुढे केलं. शेतकरीण बाई म्हणाल्या, "हे इथे नाही चालत, टोकन आणा." कसलं टोकन, कुठून आणायचं, काही कळेना. मागे रांग, आणि रांगेत नेमक्या मंडळातल्या एक ओळखीच्या काकू! "पाकीट गाडीत राहिलं" असं काहीतरी पुटपुटले आणि कणसं परत ठेवून निघाले. सासूबाई गाडीत काही बोलल्या नाहीत, पण घरी येईपर्यंत मला रडू आवरेना.

हे टोकन प्रकरण काय आहे? आणि मोजक्या पैशांत तिथून काय घेणं परवडतं? आपल्या स्वयंपाकात चालेल असं सांगा.

---

शेवग्याची_शेंग

बटाटेभात, अगं तुझं काहीच चुकलं नाही. मीही पहिल्या दिवशी असंच कार्ड पुढे केलं होतं, पीचच्या गाड्यावर.

प्रत्येक शेतकऱ्याकडे ईबीटीचं मशीन नसतं. म्हणून बाजाराचं मिळून एक मशीन असतं, माहितीच्या तंबूत. आधी तिकडे जायचं, भाजी नंतर. "ईबीटी, २० डॉलर" एवढंच सांग. ते कार्ड ओढतात, तू पिन टाकायचा, आणि हातात २० लाकडी चकत्या येतात, कॅरमच्या सोंगट्यांहून जरा मोठ्या. एक चकती म्हणजे एक डॉलर. आमच्या बाजारात त्यावर गाजर कोरलंय, लेक खेळायला मागेल, देऊ नकोस. माझ्या दोन सोफ्याखाली गेल्या त्या गेल्याच.

चकत्यांवर सुटे पैसे परत मिळत नाहीत. साडेतीन डॉलरची मेथीसारखी जुडी घेतलीस तर चार चकत्या जातील, नाहीतर वरचे पन्नास सेंट रोख द्यायचे. मी विक्रेत्यालाच म्हणते, चारचं करून द्या, मूठभर मिरच्या टाका. हसून टाकतात.

आता महत्त्वाचं. तंबूत विचार की इथे दुप्पट मिळतं का. जर्सीत त्याला 'गुड फूड बक्स' म्हणतात. तू स्नॅपमधून जेवढे काढशील तेवढ्याची जादा कुपनं देतात, दिवसाची मर्यादा असते. ती फक्त फळं-भाज्यांवर चालतात. म्हणजे चकत्या अंडी, मध, पाव यांच्यासाठी ठेवायच्या आणि भाजी कुपनांवर घ्यायची. मला हे उमगायला अख्खा एक मोसम लागला.

गरम गरम खाद्यपदार्थ, फुलं, साबण यातलं काही चालत नाही. रोपं मात्र चालतात! खायची फळं-भाज्या देणारी बियाणं आणि रोपं फूड स्टॅम्पवर (स्नॅपचं जुनं नाव) १९७३ पासून घेता येतात. तीन डॉलरचं मिरचीचं रोप बाल्कनीत ऑक्टोबरपर्यंत पुरलं.

---

बोस्टनचा_कावळा

आमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये कुपनांची भानगड नाही. एचआयपी म्हणून योजना आहे, २०१७ पासून. त्यात सामील झालेल्या शेतकऱ्याकडून भाजी घेतली की तेवढे पैसे तिथल्या तिथे कार्डावर परत येतात, महिन्याच्या मर्यादेपर्यंत. परत आलेले पैसे दूध-डाळीलाही चालतात. मर्यादा मधे कमी केली होती, त्यामुळे जुन्या पोस्टमधल्या आकड्यांवर जाऊ नका, ताजी चौकशी करा.

दुप्पट देणारी योजना कॅलिफोर्नियात 'मार्केट मॅच' नावानं आहे. मिशिगनमध्ये 'डबल अप', ती २००९ साली डेट्रॉइटमध्ये सुरू झाली आणि मग बऱ्याच राज्यांनी तोच कित्ता गिरवला. नाव प्रत्येक राज्यात वेगळं, म्हणून नावानं शोधू नका. तंबूत जाऊन "मॅच आहे का" एवढंच विचारा.

---

हिशेबी

भावना समजतात, पण फार्मर्स मार्केट म्हणजे चोचले आहेत. चार डॉलरला पालकाची जुडी? इंडियन दुकानात त्या पैशात गवार, भेंडी, कोथिंबीर तिन्ही येतात, आणि आता बऱ्याच इंडियन दुकानांत ईबीटी चालतंच. लेबलं वाचायला नकोत, काकू भेटल्या तरी चालतात.

---

शेवग्याची_शेंग

काकू तर इंडियन दुकानात जास्त भेटतात हो!

बाकी गवार-भेंडी तिथूनच घ्यावी, मान्य. पण कुपनं धरली तर चारची जुडी दोनची होते. शिवाय मोसम बघून जा ना. जूनमध्ये टोमॅटो मागितले तर महाग पडणारच. ऑगस्टमध्ये गाडे ओसंडून वाहतात, तेव्हा डागी टोमॅटोची पेटी विचारा. सॉसला लागतात म्हणून वेगळी ठेवलेली असते. मी एक पेटी घेते, चिरून लसूण-तिखट घालून आटवते आणि फ्रीझरमध्ये टाकते. जानेवारीपर्यंत आमटीत टोमॅटो विकत घेत नाही.

---

क्वीन्सची_आक्का

हिशेबींना घोळ कधी मिळाली का इंडियन दुकानात? न्यूयॉर्कच्या बाजारांत मेक्सिकन शेतकऱ्यांकडे 'व्हर्दोलागास' विचारा, आपली घोळच ती. कॅरिबियन गिऱ्हाईक असेल तिथे 'कॅलालू' म्हणून माठ मिळतो. मी जुलैभर माठाची पातळ भाजी करते, शेंगदाणे घालून.

आपल्या घरी चालतील अशा आणखी काही सांगते. मुळे आणि बीट पाल्यासकट घ्या, एका किमतीत दोन भाज्या. नवलकोल मिळतो, त्याचाही पाला टाकू नका. जूनमध्ये लसणाच्या कोवळ्या हिरव्या दांड्या येतात, दोन आठवड्यांपुरत्याच, त्यांचा ठेचा करा. भोपळ्याच्या फुलांची भजी. ऑक्टोबरात हिमाच्या भीतीनं शेतकरी हिरवे टोमॅटो स्वस्तात काढतात, त्यांची चटणी. आणि क्रॅनबेरीचं लोणचं! जर्सीत पिकतात त्या, ऑक्टोबरपासून बघा. कैरीची आठवण काढत नाही आता कुणी आमच्याकडे.

सासूबाईंसाठी कोलार्डची (कोबीच्या जातीची पालेभाजी) मोठी पानं घ्या. देठ आणि मधली शीर सुरीनं तासून सपाट करा आणि अळूवडी लावा. घसा खवखवत नाही, तरी चिंच घालाच.

न्यूयॉर्कवाल्यांसाठी: 'हेल्थ बक्स' दोन-दोन डॉलरची कुपनं असतात, मागितल्याशिवाय कधी कधी देत नाहीत.

---

एक_वाचक

शिकले-सवरलेले लोक सरकारी मदतीवर भाजी कशी घ्यायची याची चर्चा करतायत, हे बघून वाईट वाटलं.

---

बोस्टनचा_कावळा

वाचक, ही माणसं इतकी वर्षं इथे कर भरतायत. गावी आपल्या आज्या रेशनच्या रांगेत उभ्या राहिल्याच ना? फरक एवढाच की तिथे गहू-तांदूळ मिळायचे, इथे त्याच सोयीत पीचही येतात. असो, धागा भाजीचा आहे.

---

पैलतीर

एक गोष्ट कुणीच सांगितली नाही. बटाटेभात, तुमच्या सासूबाई साठीच्या पुढच्या आहेत. ज्येष्ठांसाठी फार्मर्स मार्केटची वेगळी कुपनं असतात, स्नॅपच्या बाहेरची. केंद्राच्या नियमानुसार मोसमाला २० ते ५० डॉलर, राज्यागणिक रक्कम ठरते. काउंटीच्या वृद्ध सेवा कार्यालयात विचारा, पण लवकर. संपली की संपली. काही राज्यांत त्यावर मधही मिळतो.

लेक पाचच्या आतली आहे, तर विकचा (WIC, माता आणि लहान मुलांच्या पोषणाची सरकारी योजना) अर्जही करा. स्नॅप चालू असलं की उत्पन्नाची वेगळी कागदपत्रं लागत नाहीत. त्यात दर महिन्याला फळं-भाज्यांसाठी वेगळी रक्कम असते आणि उन्हाळ्यात बाजाराची कुपनंही. व्हिसावर असलेल्यांनीही विकची चौकशी करावी, त्याला इमिग्रेशनची अट नाही. स्नॅपचं तसं नाही. एच-वनवर असाल तर मिळत नाही, पण इथे जन्मलेल्या मुलाला मिळू शकतं. पुढे कुठला इमिग्रेशनचा अर्ज करायचा असेल तर आधी वकिलाला विचारा, धाग्यावर विसंबू नका.

आणि पैसे जमा व्हायच्या आदल्या दिवशी पिन बदला. या कार्डांना बहुतेक राज्यांत अजून चिप नाही, चोर मशीनला पट्टी लावून नंबर काढतात. माझ्या ओळखीत एका घराचा महिनाभराचा पैसा रात्रीत गेला. चोरलेली रक्कम केंद्राच्या पैशातून भरून द्यायची सोय होती, ती २० डिसेंबर २०२४ ला संपली.

---

बटाटेभात

सगळ्यांचे खूप आभार. आज जाऊन आले.

तंबूत एक कॉलेजचा मुलगा बसला होता. "ईबीटी, पंधरा" म्हटलं, त्यानं मानही वर न करता चकत्या मोजल्या आणि वर हिरवी कुपनं ठेवली. आमच्या चकत्यांवर गाजर नाही, टोमॅटो आहे. त्याच शेतकरीण बाईंकडे गेले. त्यांनी ओळखलं असणार, सहाच्या ऐवजी सात कणसं टाकली. कोलार्ड, पाल्यासकट बीट, अर्धा डझन अंडी. घोळ नव्हती. मिरचीचं रोप सासूबाईंनी स्वतः निवडलं, पानं उलटीपालटी करून, मावा आहे का बघून. मंडळातल्या काकू आज नव्हत्या.

कोलार्डची पानं तासून झालीत. आक्का, वाफवायला किती वेळ? अळूला मी वीस मिनिटं देते, पण ही जाड वाटतायत.

---

क्वीन्सची_आक्का

पंचवीस दे. आणि बेसन जरा सैल ठेव, ही पानं अळूसारखी पाणी सोडत नाहीत.