घोड्याची पाठ भरायची तर ड्रेसाज हवंच का?

कळंबास्वार

मागच्या आठवड्यात एका चर्चेत कुणी म्हणालं की ड्रेसाज (घोड्याकडून ठरावीक चाली आणि वळणं नेमकेपणानं करून घ्यायची स्वारी) म्हणजे श्रीमंतांचा घोडेनाच, घोड्याच्या अंगाला त्याचा काडीचा उपयोग नाही. मला हे अजिबात मान्य नाही, म्हणून हा धागा.

माझा घोडा मारवाडी, नऊ वर्षांचा. घेतला तेव्हा पोट सुटलेलं, पाठ बसलेली, खोगिराच्या जागी कणा हाताला लागायचा. मान खालच्या अंगानं जाड, कारण आधी वरातीत नाचायचा आणि डोकं वर टाकून चालायची सवय. भेटेल तो एकच सांगायचा, हरभरा वाढवा. वाढवला. दोन महिन्यांत बरगड्या झाकल्या, पोट आणखी गोल झालं, पाठ होती तशीच! नुसतं दूध-बदाम पिऊन कुणी खासबागेच्या कुस्तीच्या मैदानात उतरत नाही, जोर-बैठका माराव्याच लागतात, हे कोल्हापूरकरांना मी काय सांगावं?

मग काम बदललं. सहा आठवडे पाठीवर बसलोच नाही, लांब दोरीवर दोन्ही बाजूंनी फिरवला. नंतर स्वारी: वीस मीटरचं वर्तुळ, चालीतून दुडकी, दुडकीतून परत चाल, थांबवून दोन पावलं मागे. शेवटी शोल्डर-इन, म्हणजे सरळ जाताना खांदे जरासे आत घ्यायचे, की आतला मागचा पाय पोटाखाली येतो. हा व्यायाम अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पक्का झाला आणि अजून टिकून आहे.

कारण घोड्याच्या शरीरातच आहे. उभ्या घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. आपल्यासारखं हासळीचं हाड त्याला नाही, छाती दोन खांद्यांमध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते. स्वार बसला की झोळी खाली येते, पाठही दबते. मागचे पाय पोटाखाली आले आणि पोटाचे स्नायू आवळले तरच पाठ वर उचलली जाते. चारा हे करू शकत नाही. सात महिने झाले, आता कण्याच्या दोन्ही बाजूंना हात भरतो.

पन्हाळारपेट

भावा, घोडा सुधारला याचा आनंदच हाय. पण श्रेय ड्रेसाजला कशापायी? तू रोज नियमानं काम दिलंस, म्हणून सुधारला. माझ्या दोन घोड्या पन्हाळ्याच्या पायथ्याला आठवड्यातनं तीनदा चढावर चालत्यात, लगाम सैल. त्यांचे पुठ्ठे बघायला ये. मागच्या पायानं ढकलल्याबिगर चढ चढताच येत न्हाई, ते शिकवायला कोच लागत न्हाई.

२०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या संघानं ड्रेसाजचं सोनं आणलं, घोडेस्वारीतलं ४१ वर्षांनी. लई अभिमान वाटला. पण ते घोडे युरोपात तयार झालेले. आपल्या मारवाडीची मान जातीनंच उंच. ती खाली दाबायची म्हणजे जातीशीच भांडण. आणि पैलवान काय नुसता आखाड्यात घडतो? पहाटे पळायला जातोच की.

कळंबास्वार

दादा, मान दाबण्याबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. हातानं ओढून नाक छातीकडे आणलेला घोडा बघितला की मला त्रास होतो. नियमातही नाक उभ्या रेषेच्या किंचित पुढं असावं असंच आहे. मान मी घोड्यालाच शोधू देतो.

चढ मी नाकारत नाही. पण माझा घोडा वाकडा होता, डावीकडे वळायला नाखूष, सगळा जोर उजव्या मागच्या पायावर. असा घोडा चढावर घातला तर तो उजव्याच पायानं चढणार आणि दणकट बाजू आणखी दणकट होणार. हा फरक वर्तुळात आणि शोल्डर-इनमध्येच भरून निघाला.

जनावरांची डॉक्टर

दोघांपैकी कुणी खोगिराखाली हात घालून बघितलाय का? खोगीर अरुंद असलं की खांद्यामागे खळगा पडतो, आणि दाबाखाली स्नायू वाढत नाही, मग तो पन्हाळा चढो की वर्तुळ फिरो. माझ्याकडे येणाऱ्या घोड्यांत हे मी सतत बघते.

कळंबास्वार, सहा आठवडे दोरीवर फिरवणं मला जास्त वाटलं. अशक्त घोड्याला लहान गोल म्हणजे सांध्यांवर भार. दहा-पंधरा मिनिटं, तेही एक दिवसाआड, पुरे. आणि तीन वर्षांच्या शिंगराला हे बघून कुणी असलं काम लावू नका, मणक्यांची वाढ पूर्ण व्हायला पाच-सहा वर्षं लागतात.

हरभऱ्याबरोबर कोंडा पोत्यानं घालणाऱ्यांनाही सांगते, कोंड्यात फॉस्फरस फार, त्यानं कॅल्शियमचा तोल जातो आणि जबड्याची हाडं फुगतात. थोडी लसूणघास द्या, त्यात कॅल्शियमही आहे आणि स्नायूला लागणारं लायसिनही. आणखी एक, गाजर दाखवून मान कुशीकडे, गुडघ्याकडे वळवायला लावायची. तीन महिने असं केल्यावर कण्यालगतचा स्नायू जाड झालेला अल्ट्रासाउंडवर मोजला गेलाय.

एकच_घोडा

तुमचं सगळं बरोबर असेल, पण माझ्याकडे एक घोडा, सकाळचा एक तास आणि वाळूचं मैदान नाही. ड्रेसाजचं पूर्ण मैदान २० बाय ६० मीटर. आमच्या गल्लीत ट्रॅक्टर वळत नाही. मी काय करू?

पन्हाळारपेट

ऊस तुटला की मोकळं रान मिळतंय. चाल, नुसती चाल, हळूहळू चढावर. डांबरावर दुडकी नको, खूर आणि सांधे जातात. उतरताना घाई करू नको.

कळंबास्वार

चाल बरोबरच. त्यातच दहा पावलांवर थांबव, पुन्हा निघ, झाडांमधनं नागमोडी काढ. मैदान लागत नाही. मी माझं पहिलं वर्तुळ कापलेल्या शेतात चुन्यानं आखलं होतं.

पन्हाळारपेट

नागमोडी मी पण काढतो, फक्त त्याला ड्रेसाज म्हणत न्हाई. पण तुझा घोडा सरळ झाला हे मला डोळ्यानं बघायचंय. दसऱ्यापर्यंत मी धाकट्या घोडीला फक्त चढ देतो, तू तुझं चालू ठेव. डॉक्टर, मोजायचं कसं?

जनावरांची डॉक्टर

वाकणारी तार खोगिराच्या जागी आडवी ठेवा, आकार कागदावर उतरवा, तारीख लिहा. दर महिन्याला त्याच जागी. डाव्या-उजव्या बाजूतला फरकही कागदावर दिसतो. वजनाचा आकडा इथे नको, त्यात चरबी लपते.

कळंबास्वार

रविवारी तार घेऊन पन्हाळ्याला येतो. घोडीचं खोगीरही बघू.